आधी विचारा, आई कुठे आहे?

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईतल्या बालगृहांचे फोन खणखणू लागतात. सुटीवर आलेले आपले अनिवासी नातलग असतात, त्यांच्यासोबत आलेले तिकडचे शेजारी, सहकारी, परदेशी सुना-जावई असतात. मागणी दोनपैकी एक. "ताई, आम्हाला एक मूल दत्तक घ्यायचंय. तीन आठवडे आहोत, तेवढ्यात होईल ना?" नाहीतर, "ताई, एखाद्या मुलाचा सगळा खर्च आम्ही उचलतो. फोटो आणि पत्र तेवढं पाठवत जा."

या माणसांच्या मनात खोट नसते. दूरदेशी राहून इथल्या उघड्या-वाघड्या पोरासाठी ज्याचा जीव तुटतो, त्याच्याविषयी मला आदरच आहे. पण ते फी विचारतात, मुदत विचारतात, कागदपत्रं विचारतात, करात सूट मिळेल का तेही विचारतात. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारतात. या मुलाची आई कुठे आहे?

माझं म्हणणं असं की हा प्रश्न पहिला विचारा. त्याचं नीट उत्तर मिळेपर्यंत एक डॉलर पाठवू नका आणि एका कागदावर सही करू नका.

*

कारण सरळ आहे. जगभरच्या अनाथालयांमधल्या दर पाच मुलांपैकी चार मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. 'सेव्ह द चिल्ड्रन'ने 2009 च्या अहवालात हे मांडलं आणि त्यानंतर देशोदेशींच्या पाहण्या तेच सांगत आल्या. ही मुलं तिथे येतात ती गरिबीमुळे, आजारपणामुळे, बापाच्या दारूमुळे, अपंगत्वामुळे आणि गावात धड शाळा नाही म्हणून. संस्थेत दोन वेळचं जेवण मिळतं, अक्षरओळख होते, म्हणून आई काळजावर दगड ठेवून पोराला तिथे सोडते. तिने मूल सांभाळायला ठेवलेलं असतं, देऊन टाकलेलं नसतं. हा फरक साता समुद्रापलीकडून दिसत नाही.

तो दिसला नाही की काय होतं, ते आफ्रिकेत चाडने पाहिलं. ऑक्टोबर 2007 मध्ये एका फ्रेंच संस्थेची माणसं 103 मुलांना विमानात बसवून फ्रान्सला नेण्याच्या बेतात होती. सुदानमधल्या दार्फुरच्या युद्धात पोरकी झालेली मुलं, असं त्यांनी सांगितलं होतं. तिकडे फ्रान्समध्ये पैसे भरलेली कुटुंबं मुलांची वाट पाहत होती. पोलिसांनी विमान रोखलं. चौकशीत कळलं की बहुतेक मुलं चाडचीच होती आणि त्यांचे आईबाप किंवा दोघांपैकी एक जिवंत होते.

जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला. तीन आठवडे उलटायच्या आत दहा अमेरिकन माणसं 33 मुलांना घेऊन सीमा ओलांडताना पकडली गेली. त्यातल्याही बहुतेकांचे आईबाप जिवंत निघाले. मुलांना शाळा मिळेल, बरं आयुष्य मिळेल, एवढ्या भरवशावर त्यांनी आपली पोरं बसमध्ये चढवली होती.

आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. 1986 साली खंडव्याचा पाच वर्षांचा सरू बऱ्हाणपूरच्या स्टेशनवर झोपेच्या भरात गाडीत चढला आणि कोलकात्याला पोचला. त्याला आपल्या गावाचं नाव नीट सांगता येईना. तो हरवलेला ठरला आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दत्तक गेला. त्याला दत्तक घेणारे सज्जन होते, त्यांनी त्याला प्रेमाने वाढवलं. पण इकडे खंडव्यात त्याची आई होतीच. 25 वर्षं ती गाव सोडून गेली नाही. 2012 साली तो उपग्रहाच्या नकाशांवरून गाव शोधत परत आला, तेव्हा ती तिथेच भेटली. पुढे या कहाणीवर 'लायन' नावाचा सिनेमा निघाला, लोकांनी रडून रुमाल भिजवले. मला त्या सिनेमातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. जगाने ज्याला पोरका म्हटलं त्याला आई होती, आणि तिला शोधण्याएवढी खटपट तेव्हा कोणी पुरती केली नाही.

*

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात नेला तो लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या नावाखाली काय काय चालतं हे त्यांनी 1982 साली पत्र लिहून सर्वोच्च न्यायालयाला कळवलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. 1984 साली न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. तोवर परदेशी जोडपी 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली मुलाचे 'पालक' नेमले जात, त्याला घेऊन जात आणि आपल्या देशात दत्तकविधी करत. मुलाचं पुढे काय झालं, हे विचारणारी यंत्रणाच नव्हती. भगवतींनी क्रम लावून दिला. मूल आधी त्याच्या स्वतःच्या घरात, ते शक्य नसेल तर आपल्या देशात, आणि तेही जमलं नाही तर परदेशात.

पुढे 1990 साली केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', आलं. परदेशी दत्तकाविषयीच्या 1993 च्या हेग करारावर भारताने 2003 साली शिक्कामोर्तब केलं. 2015 च्या बालन्याय कायद्याने सगळं एका चौकटीत बसवलं आणि 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

या चौकटीत मला सर्वांत मोलाची वाटते ती 60 दिवसांची मुदत. जी आई आपलं मूल स्वतः होऊन सोपवते, तिला बालकल्याण समितीसमोर यावं लागतं. समितीने तिला समजावून सांगायचं असतं. त्यानंतरही दोन महिने तिला निर्णय फिरवता येतो. बेवारस सापडलेल्या बाळाच्या बाबतीतही तेवढाच काळ आईबापांचा शोध घ्यावा लागतो. बाळ दोन वर्षांहून मोठं असेल तर चार महिने. एवढं झाल्यावरच मूल दत्तकासाठी मोकळं ठरतं.

तीन आठवड्यांच्या सुटीत मूल घेऊन जाऊ पाहणाऱ्याने हे दोन महिने नीट समजून घ्यावेत. ते त्याच्या वाटेत घातलेले सरकारी काटे नाहीत. ज्या बाईला बदनामीच्या भीतीने, नवऱ्याने टाकल्याने किंवा निव्वळ उपासमारीने पोर सोडावं लागलं, तिच्यासाठी कायद्याने उघडं ठेवलेलं ते दार आहे. कुणी म्हणालं, "आमची ओळख आहे, आठवड्यात करून देतो," तर तो माणूस ते दार बंद करायला निघाला आहे. त्याला पैसे देणारा या गुन्ह्यात भागीदार होतो. मूल विकणं आणि विकत घेणं यासाठी बालन्याय कायद्याच्या 81 व्या कलमात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखाचा दंड आहे.

2021 च्या करोनाकाळातले ते मेसेज आठवा. "दोन वर्षांची मुलगी, दोन महिन्यांचा मुलगा, आईबाप करोनाने गेले, कोणाला हवी असतील तर या नंबरवर फोन करा." आपल्यातल्या कित्येकांनी ते जसेच्या तसे पुढे ढकलले. भाड्याने द्यायची खोली असावी तशी लेकरांची जाहिरात झाली. अशा वेळी करायचं ते एकच: 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन. बाकी सगळं बेकायदा आहे आणि घातकही.

*

कायदा असूनही लबाडी थांबली नाही, हेही उघड बोललं पाहिजे. चेन्नईच्या झोपडपट्ट्यांमधून पळवलेली मुलं एका परवानाधारक संस्थेमार्फत परदेशी दत्तक गेल्याचं 2005 साली उघडकीला आलं. आपल्या पुण्यातल्या एका संस्थेच्या कारभाराची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयला करावी लागली. परदेशी माणूस डॉलरमध्ये देतो. एका मुलामागे मिळणारी ती रक्कम एखाद्या गरीब घराच्या वर्षाच्या कमाईला भारी पडते. इतका पैसा जिथे येतो, तिथे मूल 'तयार करणारे' उभे राहतात. मागणीच नसती तर पुरवठा करणारे आले नसते.

जगालाही आता जाग येते आहे. दक्षिण कोरियाने युद्धानंतरच्या दशकांत 1 लाख 40 हजारांहून अधिक मुलं परदेशी पाठवली. मार्च 2025 मध्ये तिथल्याच सत्य व समेट आयोगाने सांगितलं की यात खोटी कागदपत्रं झाली, आईबाप असलेली मुलं अनाथ म्हणून नोंदली गेली, एकाच्या जागी दुसरं मूल पाठवलं गेलं. नेदरलँड्सने बांगलादेश, श्रीलंका, इंडोनेशिया, कोलंबिया आणि ब्राझीलमधून आलेल्या मुलांच्या जुन्या फायली तपासल्या आणि 2021 साली परदेशातून मुलं आणणंच थांबवलं. 1992 पासून दीड लाखाहून जास्त मुलं बाहेर पाठवणाऱ्या चीनने सप्टेंबर 2024 मध्ये परदेशी दत्तक बंद केलं. नात्यातलं मूल घेण्यापुरता अपवाद ठेवला. स्वित्झर्लंडच्या सरकारने जानेवारी 2025 मध्ये असं दत्तक पुरतं बंद करण्याचा इरादा जाहीर केला.

दत्तक गेलेली मुलं मोठी झाली आणि विचारू लागली, म्हणून हे घडलं. 1973 साली पुण्यात जन्मून जर्मनीत दत्तक वाढलेले अरुण डोहले आपल्या जन्मदात्रीची माहिती मिळावी म्हणून इथल्या न्यायालयांच्या पायऱ्या वर्षानुवर्षं झिजवत राहिले. स्वतःच्या जन्माची फाईल बघायला माणसाला असं भांडावं लागणं हा अन्याय आहे. तेव्हा दत्तक घेणाऱ्या परदेशी जोडप्याला माझं सांगणं आहे. मुलाचा एकूण एक कागद जपा, आईचं नाव, गाव, तारीख, संस्था. तो कागद तुमचा नाही, मुलाचा आहे. मूल मागेल त्या दिवशी तो त्याच्या हातात द्या.

दुसरा कागद नागरिकत्वाचा. मुंबईतून 1989 साली अमेरिकेत दत्तक गेलेली एक मुलगी तिथे घरोघर फिरवली गेली, छळ सोसत वाढली. तिचं नागरिकत्व कोणी पुरं करूनच घेतलं नव्हतं. मोठी झाल्यावर एका गुन्ह्यात सापडली आणि 2008 साली अमेरिकेने तिला भारतात परत धाडलं. नवरा आणि दोन लेकरं तिकडे, ती इकडे, आणि इथली भाषासुद्धा तिला येत नव्हती. अमेरिकेने 2000 साली कायदा करून दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं, पण फेब्रुवारी 2001 मध्ये तो लागू झाला तेव्हा ज्यांनी 18 वर्षं ओलांडली होती ते त्यातून वगळले गेले. 'कारा'चे नियम आता दत्तकानंतर दोन वर्षं मुलाचा अहवाल मागतात. तो अहवाल उपकार म्हणून पाठवायचा नसतो, तो मुलाचा हक्क आहे.

*

मग परदेशी माणसाने मूल घेऊच नये का? असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला आपलेच हात स्वच्छ नाहीत.

2024-25 या वर्षात देशात 4515 मुलं दत्तक गेली, त्यातली 4155 देशातच. म्हणजे परदेशी गेली ती जेमतेम साडेतीनशे. दुसऱ्या बाजूला तीस हजारांहून जास्त भारतीय जोडपी रांगेत उभी आहेत आणि धडधाकट तान्ह्या बाळासाठी तीन-तीन वर्षं थांबली आहेत. या रांगेत भारतीय पासपोर्टवाला अनिवासी इथल्या रहिवाशाच्या बरोबरीने उभा असतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा आणि परक्या देशाच्या माणसांचा नंबर त्यानंतर. म्हणून परदेशी जाणारी मुलं बहुतेक करून कोण असतात? ज्यांना हृदयाचा आजार आहे, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांचा हात किंवा पाय अधू आहे, जी सात-आठ वर्षांची झाली आहेत, ज्यांना एकमेकांना सोडायचं नाही अशी दोन-तीन भावंडं. म्हणजे ज्यांना आपण नको म्हटलं ती.

हे वाक्य मला लिहितानाही बोचतं, पण ते खरं आहे. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं आणि तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढवला. 1875 पासून पंढरपूरच्या बालकाश्रमाने टाकलेली बाळं उचलली. असा वारसा असलेल्या महाराष्ट्रात आजही दत्तक घ्यायला आलेली माणसं आडून आडून रंग विचारतात, जात काढायला बघतात, "काही दोष नाही ना?" म्हणून दहादा खात्री करतात. आठ वर्षांची मुलगी 'मोठी' म्हणून नाकारली जाते. तिला जेव्हा स्वीडनमधली शिक्षिका किंवा टेक्सासमधला सुतार स्वतःहून घर देतो, तेव्हा त्याच्यावर संशय घेण्याआधी आपण आपली मान खाली घालावी.

पुण्याच्या 'श्रीवत्स' या संस्थेतून 1979 साली एक तान्ही मुलगी हरेन आणि स्यू स्थळेकर या जोडप्याने घेतली. हरेन मूळ मुंबईचे, स्यू इंग्लिश. ती मुलगी म्हणजे लिसा स्थळेकर, एकदिवसीय क्रिकेटमध्ये 1000 धावा आणि 100 बळी घेणारी जगातली पहिली महिला खेळाडू. 2013 साली तिने ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषक जिंकला तोही मुंबईत, ब्रेबॉर्नवर. परदेशी दत्तक चांगलं होऊ शकतं, याचा यापेक्षा ठसठशीत दाखला मला माहीत नाही. मात्र प्रत्येक मुलाने विश्वचषक जिंकावा अशी अट कोणी घालू नये. अधू पायाच्या मुलाला शाळेत सोडायला कोणीतरी रोज सोबत जातं, एवढं झालं तरी दत्तक सार्थ झालं.

तेव्हा परदेशातल्या ज्या कुटुंबाला मूल हवं आहे, त्याने आपल्या देशातल्या अधिकृत दत्तक संस्थेकडे जावं, घरभेटीचा अहवाल होऊ द्यावा, 'कारा'च्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं आणि थांबावं. आणि मनाशी एक ठरवून यावं, की आपण त्या मुलासाठी घर आणतो आहोत. आपल्या रिकाम्या घरासाठी मूल शोधत येणाऱ्यांची रांग इथेच पुरेशी लांब आहे.

*

आता खर्च उचलणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे.

एका परदेशी दात्याने एका मुलाचा महिन्याचा खर्च उचलायचा आणि त्या मुलाने त्याला पत्र लिहायचं, ही पद्धत 1937 साली स्पेनच्या यादवीत सुरू झाली. आज जिला 'प्लॅन इंटरनॅशनल' म्हणतात ती संस्था त्यातूनच जन्मली. 1950 च्या दशकात कोरियाच्या पोरक्या मुलांसाठी 'वर्ल्ड व्हिजन' आणि 'कम्पॅशन' यांनी ती जगभर नेली. तिच्यावर टीका खूप झाली. मुलाचा चेहरा दाखवून पैसा गोळा होतो, गावात एकाच घरी भेटवस्तू येते आणि शेजारचं पोर बघत राहतं. 1998 साली 'शिकागो ट्रिब्यून'च्या बातमीदारांनी स्वतः मुलं पुरस्कृत करून माग काढला, तेव्हा त्यातलं एक मूल केव्हाच मरण पावल्याचं निघालं आणि देणगी मात्र वसूल होत होती.

पण बाजू दुसरीही आहे. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांवर लोकांची माहिती तपासून 2013 साली निष्कर्ष छापला. 'कम्पॅशन'ने ज्या मुलांचा खर्च उचलला, ती इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली आणि मोठेपणी बऱ्या नोकरीला लागण्याची त्यांची शक्यता वाढली. या अभ्यासातली माझ्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट अशी, की ती मुलं आपल्या घरी राहत होती. रात्री आईजवळ झोपत होती, शाळा करत होती आणि मदत त्यांच्या घराशी चालून येत होती. तिथे दात्याच्या पैशाने मूल हललं नाही, त्याची परिस्थिती हलली.

'कम्पॅशन'चं भारतातलं काम मार्च 2017 मध्ये बंद पडलं. धर्मांतराच्या आरोपावरून गृहखात्याने त्यांच्या पैशावर पूर्वपरवानगीची अट घातली आणि सुमारे 1 लाख 45 हजार मुलांची मदत थांबली. आरोप खरा की खोटा, या वादात मी इथे शिरत नाही. पण एका दूरच्या पाकिटावर एवढी लेकरं टांगलेली असणं धोक्याचं, हे त्या दिवशी दिसलं. म्हणून मदत अशी द्या की तुम्ही उद्या थांबलात तरी मुलाच्या पायाखाली जमीन उरेल. आईला शिलाईचं काम मिळेल, शाळेला एक शिक्षक मिळेल, वस्तीवर पाळणाघर उभं राहील.

पैसे पाठवण्याचे नियमही माहीत हवेत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाचा पैसा कायद्याच्या नजरेत परदेशी देणगी ठरतो. तो फक्त परदेशी देणगी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाच देता येतो आणि दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा तसा ठरत नाही. शिवाय 2020 च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे मेळघाटातल्या किंवा किनवटच्या छोट्या संस्थेपर्यंत पुण्याच्या मोठ्या संस्थेमार्फत पोचायचा रस्ता बंद झाला. मोठ्या शहरातल्या ओळखीच्या नावावर समाधान न मानता नोंदणी असलेली गावाकडची संस्था शोधा. ते कष्टाचं आहे, पण मदत तिथेच लागते.

*

आणि आश्रमभेटी थांबवा. लेकीचा वाढदिवस, आजोबांचं वर्षश्राद्ध, परदेशी पाहुण्यांना 'खरा भारत' दाखवायचा म्हणून मुलांना रांगेत बसवून खाऊ वाटायचा, गाणं म्हणायला लावायचं, फोटो काढायचे आणि निघून जायचं. महिन्यातून दहा अनोळखी माणसं येऊन मांडीवर घेतात आणि जातात, त्या मुलाला माणसावर विश्वास कसा ठेवायचा हे शिकवणार कोण? नेपाळ आणि कंबोडियात हौशी पाहुण्यांच्या पैशावर अनाथालयं फोफावली, आणि ती भरायला डोंगरातल्या खेड्यांमधून आईबाप असलेली मुलं आणली गेली. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणारी ही मुलांची ने-आण गुलामगिरीत मोजली.

त्या फोटोंबद्दलही सांगतो. संस्थेतल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो किंवा नाव प्रसिद्ध करणं बालन्याय कायद्याच्या 74 व्या कलमाखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फेसबुकवरचा तुमचा चांगुलपणा त्या मुलाच्या पुढच्या आयुष्यावर शिक्का मारून जातो.

*

आता हिशेब करा. महाराष्ट्र सरकारच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा संकटात सापडलेल्या मुलाला घरीच सांभाळण्यासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये 4000 रुपये आहेत. अर्ज करायला तालुक्याच्या फेऱ्या, दाखले, बँक खातं, आणि मग हप्ते रखडतात ही नेहमीची रड. परदेशातला दाता एका मुलामागे महिन्याला चाळीस डॉलरच्या आसपास देतो, म्हणजे बालसंगोपनाच्या रकमेहून जास्तच. एवढ्या पैशात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराचं मूल आजीपाशी राहून शाळा पुरी करू शकतं. नाहीतर ऑक्टोबरला कोयता उचलला की ते आईबापांच्या मागे फडावर जातं आणि शाळा सुटते ती सुटतेच. एवढ्या पैशात नवऱ्याने आत्महत्या केलेल्या यवतमाळच्या बाईला पोर बालगृहात ठेवावं लागत नाही. संस्थेत एक मूल सांभाळायला लागणारा पैसा कितीतरी घरांना पुरतो. माया तर संस्थेला विकत आणताच येत नाही.

ज्यांना आई नाही, आजी नाही, मामा-मावशी नाहीत, कोणीच नाही, अशीही मुलं आहेत. त्यांच्यासाठी दत्तक हाच रस्ता आहे आणि तो खुला, स्वच्छ आणि वेगवान असला पाहिजे. बालगृहांत अशी कितीतरी मुलं वर्षानुवर्षं राहतात, कारण त्यांना दत्तकासाठी मोकळं ठरवायचं काम समित्या आणि संस्था करत नाहीत. त्यांचं बालपण फायलीत संपतं. जिल्हाधिकाऱ्यांनी दर महिन्याला आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बालगृहाची यादी मागवावी आणि प्रत्येक नावापुढे तोच प्रश्न लिहावा, आई कुठे आहे? सापडली तर तिला मदत देऊन मूल घरी पाठवा. नसेलच, तर त्याला नवी आई मिळवून द्या, इथली किंवा परदेशातली. दोन्ही न करता मूल ठेवून घेणं हा त्याच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे.

परदेशातल्या माझ्या मराठी वाचकांना हात जोडून सांगतो. या डिसेंबरात याल तेव्हा खाऊचे पुडे आणू नका. संस्थेच्या ताईंना विचारा, इथल्या किती मुलांना आई आहे आणि ती मुलं घरी परत जावीत म्हणून तुम्ही काय करता? उत्तर देणारी संस्था मिळाली तर तिला वर्षानुवर्षं पैसे द्या. उत्तर टाळणारी मिळाली तर उठून या. आणि मूल दत्तकच घ्यायचं असेल तर रांगेत उभे राहा, वाट पाहा, आणि ज्याला बाकी सगळ्यांनी नाकारलं आहे त्याला घरी न्या.